भाकीत चुकलं म्हणून गाणं खोटं?

'स्टॉर्मवॉच' या रेकॉर्डवरून आमच्या जुन्या रॉकवेड्या मंडळींत गेला महिनाभर खडाजंगी चालली आहे. ती ऐकताना मला राहून राहून हवामान खात्याची कीव येते. एक गट म्हणतो, जेथ्रो टल या बँडने १९७९ सालीच तेलाच्या हव्यासाबद्दल जगाला बजावलं होतं, द्रष्टे होते लेको. दुसरा गट त्याच रेकॉर्डची दुसरी बाजू लावतो आणि खिदळतो. द्रष्टे कसले? हिमयुग येणार म्हणून गळा काढला होता, आणि आज ध्रुवावरचं बर्फ वितळतंय! वर गायक महाशय स्वतः जमीनदार, पुढे मासे पोसण्याचा धंदा काढून खाड्या घाण करणाऱ्यांतले. मग पहिला गट म्हणतो, हिमयुग हे रूपक होतं. दुसरा म्हणतो, मग तेलही रूपकच असेल. असं रात्री दीडपर्यंत. जून महिन्यात 'मुसळधार' सांगून ऊन पडलं की आपण वेधशाळेला जे बोलतो, तेच ही मंडळी एका गाण्यांच्या तबकडीला बोलतायत.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. 'स्टॉर्मवॉच' ही वरखाली झालेली रेकॉर्ड आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दहातली चार गाणी आजही अंगावर येतात, तीन सहन होतात, आणि उरलेल्यांच्या वेळी मी चहा टाकायला उठतो. पण ती कुठे उभी राहते आणि कुठे कोसळते याचा भाकीत खरं ठरण्याशी काही संबंध नाही, आणि गायकाचे हात स्वच्छ असण्याशी त्याहून नाही. जिथे ती एका ठरावीक जागी पाय रोवते आणि 'आम्ही' म्हणते, तिथे ती खरी वाटते. जिथे ती व्यासपीठावर चढून सगळ्या मानवजातीला उद्देशून बोलू लागते, तिथे घसरते. निसर्गाविषयीच्या कुठल्याही कलेबद्दल हा प्रश्न आधी विचारायला हवा, आणि तोच आमच्या बैठकीत कुणी विचारत नाही.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जेथ्रो टल हा मूळचा अठराव्या शतकातला इंग्रज शेतकरी. ओळीने बी पेरणारं यंत्र त्याने काढलं म्हणून त्याचं नाव तिकडच्या इतिहासात आहे. (तिफण आणि पाभर ज्यांच्या आजोबांच्या ओसरीवर टांगलेली होती, त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. वाटू दे.) त्याचं नाव लावणाऱ्या या बँडचा कर्ताकरविता इयन अँडरसन, एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा. १९७७ आणि १९७८ मध्ये त्यांनी 'साँग्ज फ्रॉम द वुड' आणि 'हेवी हॉर्सेस' अशा रान आणि शेतीच्या वासाच्या दोन रेकॉर्ड काढल्या. दुसरीच्या शीर्षकगीतात ट्रॅक्टरमुळे बेकार झालेल्या नांगराच्या दांडग्या घोड्यांना सांगितलेलं आहे की तेलवाले आटून गेले की तुमचीच मनधरणी करायला येतील. पोळ्याच्या दिवशी बैलापुढे पुरणपोळी धरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. या दोघींमागून सप्टेंबर १९७९ मध्ये 'स्टॉर्मवॉच' आली. मुखपृष्ठावर डोळ्यांना दुर्बीण लावलेला अँडरसन आहे, आणि दुर्बिणीच्या भिंगांत वीज चमकते आहे.

ते वर्ष ब्रिटनला फार वाईट गेलं. १९७८-७९ चा हिवाळा १९६२-६३ नंतरचा सर्वात कडक. त्यात संपांची लाट: मालट्रकवाल्यांचा, सफाई कामगारांचा, लिव्हरपूलला तर थडगी खणणाऱ्यांचासुद्धा. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये कचऱ्याचे ढीग साठले. १ मार्च १९७९ ला स्कॉटलंडमध्ये स्वतःच्या विधिमंडळासाठी कौल घेतला गेला. ५१.६ टक्के लोक 'हो' म्हणाले, पण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट होती, तिच्यात तो अडकला. स्कॉटिश नॅशनल पार्टी तेव्हा 'हे स्कॉटलंडचं तेल आहे' ही घोषणा देत होती, कारण समुद्रातलं तेल त्यांच्या किनाऱ्यासमोर आणि त्याची तिजोरी लंडनमध्ये. कौल फसल्यावर हा पक्ष सरकारविरुद्ध उलटला आणि २८ मार्चला ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने सरकार पडलं. त्याच दिवशी पहाटे अमेरिकेत थ्री माइल आयलंडची अणुभट्टी बिघडली. ही सगळी हवा त्या रेकॉर्डमध्ये भरून राहिली आहे.

आता पहिलंच गाणं घ्या, 'नॉर्थ सी ऑइल'. पर्यावरणाचं गाणं म्हटल्यावर आपण काय अपेक्षा करतो? खिन्न सुरावट, मेलेले पक्षी, एखादं लहान मूल. इथे उलटं आहे. बासरी उड्या मारते, तीन मिनिटांत गाणं नाचून मोकळं होतं. आणि बोलतं कोण? तेल हवं असलेला माणूस. त्याला तेल औषधासारखं वाटतं, मिठाईसारखं वाटतं. देशाच्या आयात-निर्यातीचा ताळेबंद दोरीवरून चालतोय, तेवढा सांभाळायला ते हवं आहे. अ‍ॅबर्डीन आणि लंडनमध्ये भाव वर चढतायत हे त्याला दिसतं, विहिरी खणणारे स्वतःचीच उथळ थडगी खणतायत हेही दिसतं, आणि तरी त्याची प्रार्थना एकच: आम्हाला तेलातच राहू दे. अणुऊर्जा यायला दहा वर्षं आहेत, तोवर तरी. यात उपदेश कुठे आहे? खलनायक कुठे आहे? 'ते' नाहीतच, सगळे 'आम्ही' आहोत. मला हे गाणं मोठं वाटतं ते यासाठी. हावरटपणाची निंदा करणारी गाणी पैशाला पासरी मिळतात. हाव किती आनंदाची असते, किती हलकं वाटतं तेल लागल्यावर, हे आतून गाऊन दाखवणारं गाणं विरळा.

इथे मला आपला किनारा आठवतो, आणि तो ओढूनताणून नाही. ब्रिटनच्या समुद्रातलं पहिलं तेल १९७५ च्या जूनमध्ये वर आलं, फोर्टीज क्षेत्राची नळवाहिनी नोव्हेंबरमध्ये राणीने सुरू केली. आपल्याकडे फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात तेल खोदणाऱ्या तळाने मुंबईसमोर, मुंबई हायला तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. दोन्ही देश १९७३ च्या तेलटंचाईने भाजलेले, दोन्हींना देवाने समुद्रात हात दिल्यासारखं वाटलेलं. माझं आजोळ उरणच्या बाजूचं. तेल लागल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा आजोबांनी पेढे वाटले होते, असं मामा सांगतो. आमच्या लहानपणी सामान्यज्ञानाच्या पुस्तकात 'सागर सम्राट' हा ठरलेला प्रश्न असायचा. पुढे मुंबई हायचं तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून उरणला येऊ लागला. सुटीत गेलो की रात्री अंगणातून तिथल्या वायूच्या जळत्या ज्योतीने तांबूस झालेलं आभाळ दिसायचं, आणि पोरं त्या उजेडात लपाछपी खेळायची, कारण लाइट गेले तरी तो उजेड जात नसे. आम्हाला ते सुंदर वाटायचं. त्या सुंदर वाटण्याबद्दल, त्या पेढ्यांबद्दल एकही मराठी गाणं माझ्या कानावर आलेलं नाही. समुद्र हरवला, मासळी गेली याची गाणी आहेत आणि ती व्हायलाच हवीत. पण आम्हाला तेल हवं होतं, मनापासून हवं होतं, हे कोण गाणार?

द्रष्टेपणाच्या भाषेचा मोह मलाही होतो. ती रेकॉर्ड आल्यावर साडेसहा महिन्यांत नॉर्वेच्या बाजूचा 'अलेक्झांडर कीलंड' हा तरंगता तळ उलटला आणि १२३ माणसं गेली. ६ जुलै १९८८ ला 'पायपर अल्फा' या ब्रिटनच्या बाजूच्या तेलतळावर आग लागून १६७ गेली. आपल्या मुंबई हायवर २७ जुलै २००५ ला आग लागली, मुंबई सव्वीस तारखेच्या पावसात बुडालेली असतानाच, म्हणून ती बातमी कोपऱ्यात गेली. बावीस माणसं. उथळ थडग्यांची ती ओळ हे सगळं जाणून होती, असं म्हणून टाळ्या घेता येतील. पण ते खोटं होईल. १९७९ पर्यंत उत्तर समुद्रात अपघात होतच होते. दोनच वर्षं आधी 'एकोफिस्क ब्राव्हो'ची विहीर उसळून आठवडाभर तेल समुद्रात गेलं होतं. गाणं भविष्य बघत नव्हतं, समोरचं बघत होतं. आणि समोरचं बघणं हेच मुळात अवघड काम आहे.

आता विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा, हिमयुग. दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं 'समथिंग्ज ऑन द मूव्ह'. त्यात बर्फाची राणी उत्तरेकडून निघते, रेनडिअरच्या मागोमाग सरकत खाली येते आणि लंडनच्या पायऱ्यांवर कुडकुडणाऱ्या गाठोड्यांना मिठी मारायला बोटं पसरते. इथे 'रूपक' म्हणून सुटता येणार नाही, हे मी रेकॉर्डच्या पाठीराख्या मित्रांना स्पष्ट सांगतो. तेलाचं गाणं दूरदृष्टी आणि बर्फाचं गाणं रूपक, अशी सोयीची वाटणी करता येत नाही. अँडरसनला थंडी वाढेल अशी भीती खरोखर वाटत होती आणि ती चुकीची निघाली. कबूल.

पण या कबुलीवरून खिदळणारे जी पुढची उडी मारतात, ती मात्र अडवायला हवी. 'सत्तरच्या दशकात सगळे शास्त्रज्ञ हिमयुगच म्हणत होते, मग आताच्या तापमानवाढीवर तरी विश्वास का ठेवायचा?' हे वाक्य आमच्या बैठकीत तीन वेळा ऐकलं. सगळे शास्त्रज्ञ? एप्रिल १९७५ मध्ये 'न्यूजवीक'ने थंड होणाऱ्या जगावर एक लेख छापला, त्याची कात्रणं आजही फिरतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉलेस ब्रोकर या भूशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात जग ठळकपणे तापण्याच्या उंबरठ्यावर आहे का, असा शोधनिबंध लिहिला, त्याचं कात्रण कुणी फिरवत नाही. १९६५ ते १९७९ या काळातले शोधनिबंध तिघा अभ्यासकांनी नंतर मोजले आणि २००८ मध्ये ती मोजदाद प्रसिद्ध केली. थंडीच्या बाजूचे ७, तापण्याच्या बाजूचे ४४, कुठेच न झुकणारे २०. धुरातल्या कणांमुळे सूर्यप्रकाश अडून पृथ्वी थंड होईल, असा हिशेब १९७१ मध्ये मांडणाऱ्यांपैकी स्टीफन श्नायडर यांनी पुढे स्वतःच तो दुरुस्त केला. कणांचा परिणाम जास्त धरला गेला होता, कार्बन डायऑक्साइडचा कमी. आणि 'स्टॉर्मवॉच' बाजारात आली त्याच वर्षी अमेरिकेत चार्नी समितीने अहवाल दिला: हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान सुमारे ३ अंशांनी वाढेल, दीड इकडे दीड तिकडे. शास्त्र आपल्या वाटेने नीट चाललं होतं. चुकला तो एक गायक आणि काही संपादक. गायकाची चूक शास्त्रज्ञांच्या खाती जमा करणं ही कुठली हिशेबाची रीत?

मग चुकलेल्या गाण्याचं काय करायचं? १८१५ मध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढचं वर्ष युरोपात उन्हाळ्याविना गेलं. त्या १८१६ च्या काळोख्या जुलैत बायरनने 'डार्कनेस' ही कविता लिहिली. सूर्य विझतो, माणसं उजेडासाठी घरं जाळतात, शेवटी एकमेकांना ओळखेनाशी होतात. सूर्य काही विझला नाही. म्हणून ती कविता कुणी फाडली का? तिची किंमत सूर्याविषयीच्या माहितीत नव्हती, उजेड संपत आल्यावर माणसं कशी वागतात याच्या जाणिवेत होती. किंवा कवितेतून बाहेर येऊन अर्थशास्त्रात पाहा. १८६५ मध्ये जेव्हन्सने इंग्लंडच्या कोळशावर पुस्तक लिहिलं आणि कोळसा महागल्यावर देशाची भरभराट थांबेल असं बजावलं. तेलाने कोळशाची जागा घेणं त्याच्या हिशेबात बसलं नाही, भाकीत फसलं. पण यंत्रं काटकसरी झाली की इंधन वाचत नाही, उलट एकूण जास्तच जळतं, हे त्याने त्याच पुस्तकात दाखवलं, आणि आज एलईडी दिव्यांपासून मोटारींपर्यंत त्याचा दाखला दिला जातो. चुकीच्या भाकिताच्या पोटात खरी दृष्टी असू शकते. मात्र ती असतेच असं नाही, शोधावी लागते.

'समथिंग्ज ऑन द मूव्ह'मध्ये मला ती पायऱ्यांवरच्या गाठोड्यांत दिसते. पहिला घास उघड्यावर झोपणाऱ्याचा. संकट थंडीचं असो की उष्णतेचं, हा क्रम बदलत नाही. नागपुरात मे महिन्यात रस्त्यावर माती खोदणाऱ्या माणसाला विचारा. पण एवढं बोलून झाल्यावर हेही सांगतो की गाणं म्हणून ते मध्यम आहे. गिटारचा ठेका सरधोपट आहे आणि बर्फाची राणी थोडी कॅलेंडरवरची वाटते.

दुसरा मुद्दा हातांचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अँडरसनने १९७८ मध्ये स्कॉटलंडच्या स्काय बेटावर स्ट्रॅथेअर्डची इस्टेट विकत घेतली आणि पुढे तिथे सॅल्मन मासे पोसण्याचा मोठा उद्योग उभारला. (आपल्याकडे हॉटेलवाले रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध नाही.) खाडीत पिंजरे सोडायचे, हजारो मासे दाटीवाटीने वाढवायचे. त्यांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य तळाशी साचतं, त्यांच्या अंगावरच्या उवा बाहेरच्या रानटी माशांना लागतात. या धंद्यावरचे आक्षेप खोटे नाहीत. आणि जमीनदारीचं म्हणाल, तर स्कायच्या माणसाला 'बाहेरून आलेला मालक' या शब्दांची चीड का येते हे समजायला १८८२ सालची ब्रेजची लढाई पुरे आहे. चराईचा हक्क मागणाऱ्या कुळांना वठणीवर आणायला ग्लासगोहून पन्नासेक पोलीस पाठवले होते आणि बायाबापड्यांनी त्यांना दगडांनी हाणलं होतं. अशा बेटावर जमीन घेऊन 'होम' नावाचं गाणं गायचं, हे थोडं जड जातं. खरं सांगायचं तर ते गाणं मला तसंही सोसत नाही, व्हायोलिनांचा पाकच फार.

हे सगळं मान्य करूनही मी विचारतो, मग कुणी गायचं? रेकॉर्डची तबकडी ज्या पीव्हीसीची, ते तेलातूनच येतं. ती ऐकवणारे दौरे डिझेलवर. ती विकत घेणारा मी पेट्रोलच्या स्कूटरवरून दुकानात गेलो. निर्दोष माणसानेच बोलावं अशी अट घातली तर तेलाच्या युगात तोंड उघडायचा अधिकार कुणालाच उरत नाही, आणि ही अट सगळ्यात सोयीची कुणाला पडते हे सांगायला हवं का? ढोंगाचा आरोप चिकटतो कधी? 'तुम्ही पापी, मी सोवळा' असं म्हटल्यावर. 'नॉर्थ सी ऑइल'मधला माणूस 'मी सोवळा' म्हणतच नाही, तो हात जोडून तेल मागतो. त्या गाण्यावर ढोंगाचा आरोप बसत नाही. त्याच रेकॉर्डवरच्या 'डार्क एजेस' या गाण्यावर बसतो. माझे मित्र त्या इस्टेटीचा शेवटही बचावात आणतात, की १९९४ मध्ये ती जॉन म्यूर ट्रस्ट या निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थेकडे गेली. चांगली गोष्ट आहे. पण तिने पिंजऱ्यातले मासे धुऊन निघत नाहीत आणि गाणं एका सुराने वर चढत नाही. गाण्याच्या खटल्यात हा पुरावाच नव्हे, ना इकडून ना तिकडून.

'डार्क एजेस'. नऊ मिनिटं. अंधारयुग येतंय, कुटुंबं, सत्ताधारी, नफेखोर, सगळे एका माळेत. एकही पत्ता नाही, एकही नाव नाही, थंडीने फुटलेला एकही नळ नाही. ढोल वाजतायत, बॅरी बार्लो जीव तोडून वाजवतो आणि ऐकणारा दाराकडे बघतो. सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा हा जुनाच आजार. लांबी म्हणजे खोली असा समज. इथे आपल्याकडचा फडके-खांडेकर वाद आठवल्याशिवाय राहत नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर आपल्या आजोबांच्या पिढीने पिंपंच्या पिंपं शाई खर्च केली. फडक्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र कायमची सिद्ध झाली: आशय उदात्त आहे म्हणून ढिसाळ रचना माफ होत नाही. ५ जूनला शाळेच्या भिंतीवर तुकोबांची झाडांना सोयरे म्हणणारी ओळ रंगवली जाते आणि तिच्या शेजारी कुणा स्थानिक कवीचं झाडे लावा छापाचं कवन असतं. विषय एकच. चारशे वर्षांपूर्वीची ओळ जिवंत आणि गेल्या वर्षीचं कवन मेलेलं, कारण तुकोबा आपल्याला झाडांच्या नात्यात बसवतात आणि कवन आपल्याला कामाला लावतं. 'स्टॉर्मवॉच'च्या पाठीराख्यांनी हा फरक विसरून अख्ख्या रेकॉर्डला 'महत्त्वाची' म्हटलं की माझा संताप होतो. महत्त्वाची म्हणजे काय? ऐकवत नाही पण बोलता येत नाही, असं?

तिच्या विस्कळीतपणाला दुसरं कारण होतं, आणि ते सांगताना मला आवाज खाली घ्यावासा वाटतो. बेसवादक जॉन ग्लॅस्कॉकचं हृदय दुखावलं होतं. दाताच्या गळवातून संसर्ग हृदयाच्या झडपेपर्यंत गेला, शस्त्रक्रिया झाली, ताकद आली नाही. तो फक्त तीन गाण्यांत वाजवू शकला: 'ओरायन', 'फ्लाइंग डचमन' आणि शेवटची 'एलेजी'. बाकी बेस अँडरसनने स्वतः वाजवला, नेटका, पण ग्लॅस्कॉकचा लोचदारपणा त्यात नाही. १७ नोव्हेंबर १९७९ ला तो गेला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. रेकॉर्ड बाजारात येऊन दोन महिने झाले होते. पुढच्या रेकॉर्डवर बँडमधले बार्लो, जॉन एव्हन आणि डी पामर (तेव्हाचं नाव डेव्हिड) यांच्यापैकी कुणीच नव्हतं. 'एलेजी' ही पामर यांनी आपल्या वडिलांसाठी केलेली शब्दांविना धून. हेडफोन लावून तिच्यातला बेस ऐका. त्यात पर्यावरण औषधालाही नाही, आणि तरी सगळ्या रेकॉर्डभर जे हरवत चाललंय त्याची जाणीव त्या चार मिनिटांना जेवढी आहे तेवढी 'डार्क एजेस'च्या नऊ मिनिटांना नाही.

आणि 'डन रिंगिल'. तीन मिनिटांहून कमी. स्ट्रॅथेअर्डच्या किनाऱ्यावर लोहयुगातल्या एका किल्ल्याचे अवशेष आहेत, दगड आणि गवत, बस. त्याचं हे गाणं, फक्त गिटारच्या तारांवर. त्याच्या सुरुवातीला एक आवाज काही ओळी म्हणतो. तो कुणा नटाचा नाही, फ्रान्सिस विल्सन या टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या माणसाचा आहे. म्हणजे हवामान खातं खरोखरच या रेकॉर्डवर आहे! पण ते काय करतं? पाऊस पडेल की बर्फ, काहीच सांगत नाही. वाऱ्याच्या रेषा जमतायत एवढं सांगून बाजूला होतं आणि मग तो दगडांचा किल्ला, खाली समुद्र. 'फ्लाइंग डचमन' पण असंच पाय रोवतं. भुताच्या जहाजाची जुनी दंतकथा सुरू होते आणि हळूच त्या जहाजात पूर्वेकडच्या युद्धातून आलेली गवती टोपीतली मुलगी बसलेली दिसते. बंदरामागून बंदर दार लावतं. १९७८-७९ मध्ये व्हिएतनाममधून नावांत भरून निघालेली माणसं खरोखर अशीच बंदरोबंदरी हिंडत होती. शेवटी गाणं आरशाकडे वळतं आणि सुखवस्तू ऐकणाऱ्याला सांगतं की हा डचमन उद्या तूच असशील. पुन्हा 'ते' नव्हे, तू.

मला खरा राग आहे तो निवडीचा. पुढे जुन्या ध्वनिफिती बाहेर आल्या तेव्हा कळलं की त्या काळात ध्वनिमुद्रित झालेली काही गाणी बाजूला ठेवून 'वॉर्म स्पोरन'सारखी, टीव्हीवरच्या पर्यटन कार्यक्रमाला शोभेल अशी धून आत घेतली होती. बाजूला काय ठेवलं? 'ब्रॉडफर्ड बझार'. ब्रॉडफर्ड हे स्कायवरचं छोटं गाव. अरुंद रस्त्यावरून प्रवाशांच्या मळक्या पांढऱ्या गाड्या येतात, गाव आपलं किडुकमिडुक विकायला मांडून बसतं, कुठल्याही देशाचं चलन चालेल. आणि तेल? तेही आलं होतं. जवळच किशॉर्नच्या खाडीत काँक्रीटचा निनियन सेंट्रल हा तेलतळ बांधला, सहा लाख टनांचा, १९७८ मध्ये ओढून समुद्रात नेला. गाण्यात उत्तरेकडे आता तळ तरंगताना दिसत नाहीत, पुष्कळांना मिळणारं काम थोड्यांवर आलं आहे, हेलिकॉप्टरं फिरकेनाशी झाली आहेत. जॅमच्या बरणीवर माश्या याव्यात तशी ती आली होती आणि तशीच गेली. 'नॉर्थ सी ऑइल'मध्ये जी हाव नाचते, तिची उतरलेली सकाळ या गाण्यात आहे. ही दोन गाणी एका रेकॉर्डवर शेजारी असती, तर मी आमच्या बैठकीत एवढा घसा कोरडा केला नसता.

दिवाळीत उरणला गेलो होतो तेव्हा मामाला हे गाणं ऐकवलं. वय त्र्याहत्तर. एका कंत्राटदाराकडे बारा वर्षं वेल्डरच्या हाताखाली काढलेली, नंतर काम संपलं म्हणून घरी. इंग्रजी त्याला कळत नाही, बासरी नाही म्हणून आधी थोडा नाराजच झाला. मी अर्थ सांगत गेलो: गाव, बाजार, तळ बांधून झाला, माणसं कमी केली, बरणीवरच्या माश्या. त्याने बिडी विझवली.

"त्यांना तरी परमनंट केलं का रं?"